काचेच्या पोटातला ताण

नवरात्रात राणीसावरगावला रेणुकादेवीच्या दर्शनाला गर्दी लोटते, आणि देवीचं ठाणं म्हटलं की बांगड्यांची दुकानं आलीच. एका दुकानातल्या मावशी चुडा भरण्याआधी दोन-दोन बांगड्या एकमेकींवर हलकेच वाजवून बघत होत्या. खणखणीत वाजली की हातात, बद्द वाजली की बाजूच्या डब्यात. पिचलेली काच कानाला कळते ती अशी. मी विचारलं, "मावशी, वाजवून चांगली निघालेली बांगडीसुद्धा कधी कधी भरता भरताच वाढवते, ती कशानं?" त्या म्हणाल्या, "दादा, काही काच मुळातच ताठ असती. वरून कळत न्हाई. जरा हात लागला की गेली."

माझ्या पिशवीत पोलरॉइड फितीचे दोन तुकडे होते. कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर असते तसली ही करडी, पारदर्शक फीत. एक तुकडा दुसऱ्यावर ठेवून काटकोनात फिरवला की दोन्ही मिळून काळेभोर होतात, आरपार काही दिसत नाही. त्या दोन तुकड्यांच्या मध्ये एक फिकट हिरवी बांगडी धरली. बहुतेक गोलाई अंधूकच राहिली, पण जिथे दोन टोकं जाळावर धरून जोडलेली असतात तिथे दुधी उजेड फुटला. मावशींनी ती आपल्या हातात घेतली, आभाळाकडे धरून फिरवली, मग आणखी काही काढून पाहिल्या. सांधा जवळपास सगळ्यांचाच उजळत होता, कुणाचा फिकट, कुणाचा लख्ख. "लख्ख म्हंजे ताठ का?" त्यांनी विचारलं. अगदी तसंच.

मावशी ज्याला ताठपणा म्हणतात त्याला भौतिकशास्त्रात अवशिष्ट ताण म्हणतात. काचेवर कुणी जोर लावलेला नाही, तिला तडा नाही, ओरखडा नाही, तरी तिच्या आत एक भाग दुसऱ्याला ओढतो आहे आणि दुसरा पहिल्याला दाबतो आहे. ही ओढाताण काच थंड होताना आत अडकते आणि काच आहे तोवर राहते. डोळ्याला ती दिसत नाही, वजनात येत नाही, हाताला लागत नाही. प्रकाश मात्र ती वाचतो, आणि काच न फोडता, न खरवडता वाचतो. आज मराठवाड्यातल्या गावागावांत काचेवर पूर्वी कधी नव्हता एवढा भरवसा टाकला जातो आहे. जीपची मागची काच, दुकानाचं दार, शेतातली सौर पॅनेलं. तो भरवसा पारखण्याचं साधन फार महाग नाही आणि फार अवघडही नाही. तरी ते कारखान्याच्या फाटकाबाहेर आलेलं नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

आधी ताण अडकतो कसा ते पाहू. नेहमीची सोडा-चुन्याची काच साडेपाचशे अंश सेल्सिअसच्या वर असते तेव्हा तिचे कण अजून सरकू शकतात. आत ताण निर्माण झाला तरी काही मिनिटांत जिरून जातो. पाचशेच्या खाली आली की ती घट्ट होते, आणि मग जे झालं ते कायमचं. आता गरम काच एकदम हवेत आणली तर बाहेरचा पापुद्रा आधी घट्ट होतो. आतला गाभा अजून तापलेला असतो. तो नंतर निवतो, आकसू पाहतो, पण घट्ट झालेला पापुद्रा त्याला पुरतं आकसू देत नाही. परिणामी गाभ्यात कायमची ओढ राहते आणि पृष्ठभागावर कायमचा दाब. काच सावकाश निववली तर आत-बाहेर तापमानाचा फरक पडत नाही आणि ताण उरत नाही. म्हणून काचेच्या प्रत्येक कारखान्यात भट्टीच्या पुढे लेहर नावाचा लांब बोगदा असतो. माल एका टोकाने तापलेला शिरतो आणि पट्ट्यावरून सरकत सरकत दुसऱ्या टोकाला निवून बाहेर पडतो. बांगडीच्या सांध्याला हा बोगदा लाभत नाही. तो जाळावर तापतो आणि उघड्या हवेत निवतो.

ताण आणि प्रकाश यांचं नातं 1815 च्या सुमारास स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टर यांच्या ध्यानात आलं. प्रकाश ही लहर आहे. साध्या प्रकाशात तिचं हेलकावणं सगळ्या दिशांना असतं. पोलरॉइड त्यातली एकच दिशा पुढे सोडतो. ताण नसलेल्या काचेत लहर कुठल्याही दिशेने हेलकावली तरी वेग एकच. ताणलेल्या काचेत तसं नसतं. ओढीच्या रेषेत हेलकावणारी लहर आणि तिला काटकोनात हेलकावणारी लहर यांच्या वेगांत किंचित फरक पडतो. नांगरलेल्या रानात तासाच्या रेषेत चालणारा बैल आणि तासं ओलांडत आडवा जाणारा बैल एकाच वेळी बांधावर पोहोचत नाहीत, तसं. काचेच्या पलीकडे दोन्ही लहरी पुन्हा एकत्र येतात तेव्हा त्यांच्यात अंतर पडलेलं असतं, आणि ते अंतर दुसऱ्या पोलरॉइडमधून उजेड म्हणून, किंवा जास्त असेल तर रंग म्हणून दिसतं.

हे अंतर मोजता येतं, इथेच गोष्ट नुसत्या गमतीच्या पुढे जाते. 10 मिलिमीटर जाडीच्या काचेत 10 मेगापास्कलचा ताण असेल, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण 100 किलोचा, तर दोन लहरींत सुमारे 260 नॅनोमीटर अंतर पडतं. हिरव्या प्रकाशाच्या लहरलांबीच्या हे जवळपास निम्मं. ताण दुप्पट झाला की अंतर दुप्पट, जाडी दुप्पट झाली तरी दुप्पट. इतका सरळ हिशेब निसर्गात फार ठिकाणी मिळत नाही. काचेच्या जातीप्रमाणे बदलणारा एक गुणांक तेवढा माहीत हवा, आणि त्याच्या एककाला ब्रूस्टर यांचंच नाव दिलेलं आहे.

या शास्त्राच्या इतिहासातली मला सगळ्यात आवडणारी हकिकत एका पोरसवदा मुलाची आहे. एडिंबरात जेम्स क्लार्क मॅक्सवेल घरीच काचेचे तुकडे लालबुंद तापवून झटकन निववायचा आणि ध्रुवित प्रकाशात दिसणाऱ्या आकृत्या जलरंगांनी कागदावर उतरवायचा. ती चित्रं त्याने विल्यम निकोल या वृद्ध शास्त्रज्ञाला पाठवली. निकोल इतके खूश झाले की त्यांनी स्वतः घडवलेले लोलक त्याला भेट दिले. पोलरॉइड फीत यायला तेव्हा अजून ऐंशी-एक वर्षं होती; प्रकाश ध्रुवित करायला निकोल यांचे लोलकच लागत. त्या लोलकांतून पाहत मॅक्सवेलने सरस मुरवून केलेली पारदर्शक जेली पिळली, तिच्यात उमटलेल्या रंगपट्ट्यांवरून ताणाचं गणित मांडलं, आणि 1850 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, स्थितिस्थापक पदार्थांवरचा त्याचा निबंध एडिंबराच्या रॉयल सोसायटीत सादर झाला. विजेचे आणि चुंबकत्वाचे सिद्धांत त्याने पुढे मांडले. त्याआधी त्याचा हात काचेवर बसला होता.

महाराष्ट्रातला काचेचा धंदा उभा राहिला तो स्वदेशीच्या लाटेवर. अंताजी दामोदर काळे यांनी दर माणशी एक पैसा मागून पैसा फंड उभारला, लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिलं, आणि 1908 मध्ये तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. जपानमध्ये आणि अमेरिकेतल्या एमआयटीत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे तंत्राची बाजू पाहत. तिथे तयार झालेली माणसं पुढे देशभरच्या कारखान्यांत पसरली. 1916 मध्ये औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींच्या मदतीने ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ कारखाना काढला. ती वस्ती ओगलेवाडी झाली आणि वडिलांच्या नावाचा प्रभाकर कंदील घरोघर पोहोचला.

कंदिलाची काच म्हणजे ताणाची खरी परीक्षा. आतून ज्योतीची धग, बाहेरून थंडीचा वारा किंवा पावसाचा शिंतोडा. सोडा-चुन्याच्या काचेचा पृष्ठभाग एकाएकी एक अंशाने निवला तर त्यात सुमारे 0.8 मेगापास्कलची ओढ निर्माण होते. पन्नास अंशांचा फरक पडला तर चाळीस मेगापास्कल. वापरातल्या, बारीक ओरखडे असलेल्या काचेची सोसण्याची ताकद साधारण याच घरात असते. म्हणजे नीट निववलेली काच काठावर तग धरते. पण निववताना राहून गेलेला दहा-पंधरा मेगापास्कलचा जुना ताण वर मिळाला की हिशेब कोलमडतो. रात्री रानात जाताना भुरभुर पावसात तडकन गेलेली कंदिलाची काच आमच्याकडच्या जुन्या माणसांना आठवते. त्यातल्या कितीतरी काचा पावसाने नव्हे, लेहरमधल्या घाईने गेल्या असतील.

बाटल्यांच्या कारखान्यात हा ताण आजही बऱ्याचदा माणसाच्या डोळ्यानेच तपासला जातो. पोलॅरिस्कोपच्या दिव्यासमोर बाटली धरतात, तिचं बूड पाहतात, आणि ठरावीक ताण भरलेल्या प्रमाणित चकत्यांशी ताडून बघतात. एक चकती म्हणजे 22.8 नॅनोमीटर अंतर. बाटलीचं बूड किती चकत्यांइतकं उजळलं यावरून तिला क्रमांक मिळतो. मध्ये एक रंगपट्टी सरकवली की सगळी पार्श्वभूमी जांभळी होते आणि अगदी सूक्ष्म ताणही निळ्या किंवा पिवळ्या झाकेने ओळखू येतो. एका झाकेला दाब, दुसरीला ओढ. सरावलेला कामगार क्षणात सांगतो की लेहरचा कुठला टप्पा बिघडला आहे.

दुर्बिणींच्या आणि कॅमेऱ्यांच्या काचेला तर थोडाही ताण चालत नाही, कारण प्रतिमाच फिसकटते. अशी काच भारतात बनावी म्हणून कोलकात्याच्या केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्थेत डॉ. आत्माराम यांनी अनेक वर्षं खपून पद्धत बसवली. कॅलिफोर्नियातल्या पालोमारच्या दुर्बिणीसाठी कॉर्निंगने 1934 मध्ये ओतलेली 200 इंची तबकडी निववायला सुमारे दहा महिने लागले होते.

आता उलट बाजू. जो ताण बांगडीचा आणि कंदिलाचा घात करतो, तोच मुद्दाम, मोजून-मापून भरला की काचेचं चिलखत होतो. काच नेहमी पृष्ठभागावरच्या ओरखड्याला ओढ बसल्याने फुटते. पृष्ठभाग आधीच दाबात असेल तर बाहेरची ओढ आधी तो दाब संपवण्यातच खर्ची पडते. बाजारात जिला 'टफन' म्हणतात ती काच अशी. पत्रा आधी मापात कापायचा, कडा घासायच्या, भोकं पाडायची, मग 620 ते 650 अंशांपर्यंत तापवून दोन्ही बाजूंनी हवेचे झोत सोडायचे. एकदा टफन झाली की तिला कटर लावता येत नाही. पापुद्रा भेदला की सगळी काच क्षणात चुरा होते. अमेरिकी मानकाप्रमाणे पूर्ण टफन काचेच्या पृष्ठभागावर निदान 69 मेगापास्कल दाब हवा. ती साध्या काचेच्या चौपट जोर सोसते, आणि फुटलीच तर सुऱ्यांसारखी न फुटता बारीक, बोथट खड्यांत फुटते. युरोपी मानकात 4 ते 12 मिलिमीटर जाडीच्या काचेसाठी पाच सेंटिमीटरच्या चौकोनात किमान 40 तुकडे मोजावे लागतात. गाडीच्या मागच्या काचेने अपघातात माणसाचा गळा चिरला जात नाही, तो या दाबामुळे.

गंगाखेडहून येणाऱ्या जीपच्या मागच्या काचेवर हे कुणालाही पाहता येतं. मोटारसायकलवाले घालतात तसला पोलराइज्ड गॉगल हवा. सूर्य मावळतीला असताना उत्तरेचं किंवा दक्षिणेचं आभाळ मुळातच ध्रुवित असतं. त्या आभाळाचा उजेड काचेतून येऊ द्यायचा, मान जराशी तिरपी करायची, आणि काचेवर ओळीने मांडलेले करडे-निळे ठिपके उमटतात. हवेच्या झोतांनी जिथे जास्त वेगाने काच निववली तिथले हे ठसे आहेत. मी पाहत होतो तेव्हा स्टॅंडवर पोरांचा घोळका जमला आणि गॉगल हातोहात फिरला. एकाने विचारलं, "काका, ठिपके जास्त असले म्हंजे काच पक्की का?"

प्रश्न फार मोलाचा होता, कारण उत्तर नाही असं आहे, आणि इथेच या तंत्राची खरी गाठ आहे. काचेच्या समोर उभं राहून आरपार पाहिलं तर प्रकाश आधी दाबातल्या पापुद्र्यातून जातो, मग ओढीतल्या गाभ्यातून, मग पुन्हा पापुद्र्यातून. नीट टफन केलेल्या काचेत पृष्ठभागावरचा दाब गाभ्यातल्या ओढीच्या दुप्पट असतो, पण पापुद्रा पातळ, दोन्हीकडे जाडीच्या पाचव्या हिश्श्याएवढा. गोळाबेरीज शून्य. शिवाय काचेच्या प्रतलात हा दाब चारी दिशांना सारखा असल्याने दोन लहरींत फरकच पडत नाही. म्हणजे उत्तम टफन काच समोरून जवळजवळ कोरी दिसायला हवी. ठिपके दिसतात ते असमानतेचे. ते एवढंच सांगतात की काच टफन आहे. किती, ते सांगत नाहीत. कड मात्र खरं बोलते, कारण कडेला दाब एका बाजूने मोकळा असतो आणि उजेडाची पट्टी दिसते.

पृष्ठभागावरचा दाब मोजायला म्हणून वेगळी युक्ती लागली. 1959 मध्ये पिल्किंग्टन कंपनीने जगापुढे आणलेल्या पद्धतीत काचेचा पत्रा वितळलेल्या कथिलावर तरंगत तयार होतो. तरंगताना खालच्या बाजूत किंचित कथील मुरतं आणि त्या अतिपातळ थरात प्रकाश थोडा हळू चालतो. या अपघाती देणगीचा उपयोग करून घेतला गेला. लोलकातून अगदी तिरपा सोडलेला किरण त्या थरात अडकून पृष्ठभागालगतच धावतो, थोडं अंतर जाऊन बाहेर पडतो, आणि सोबत गडद-फिक्या पट्ट्या आणतो. पट्ट्या जितक्या कललेल्या तितका दाब मोठा. दुसऱ्या पद्धतीत लेसरचा किरण तिरपा आत सोडतात आणि त्याच्या वाटेवर काचेतून विखुरणारा मंद उजेड टिपतात. त्यावरून पृष्ठभागापासून गाभ्यापर्यंत ताण कसा बदलत जातो त्याचा आलेखच मिळतो. दुसऱ्या पद्धतीची हातात मावणारी उपकरणं एस्टोनियातल्या तालिनच्या शास्त्रज्ञांनी घडवली. आपल्याकडे आयआयटी मद्रासचे प्रा. के. रमेश यांनी साध्या रंगीत छायाचित्रातल्या रंगांवरून संगणकाने ताणाचा आकडा काढण्याच्या पद्धती विकसित केल्या आहेत. पूर्वी कामगाराच्या सरावलेल्या नजरेत होतं ते आता गणितात उतरलं आहे.

तालिनच्याच हिलार आबेन यांनी एक साडेतीनशे वर्षांचं कोडंही सोडवायला मदत केली. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात टाकला की शेपटीवाला मणी तयार होतो. त्याच्या डोक्यावर हातोडा मारला तरी फुटत नाही, पण शेपटी चिमटीत मोडली की अख्खा मणी पीठ होतो. 1660 च्या दशकात लंडनच्या रॉयल सोसायटीत यावर चर्चा झडत. केंब्रिजचे मुनव्वर चौधरी आणि पर्ड्यू विद्यापीठाचे श्रीनिवासन चंद्रशेखर यांनी 1990 च्या दशकात अतिवेगवान छायाचित्रांतून दाखवलं की तडा सेकंदाला दीड किलोमीटरच्या आसपास वेगाने धावतो. पुढे आबेन यांच्यासोबत, मणी काचेइतकाच प्रकाश वळवणाऱ्या द्रवात बुडवून, ध्रुवित प्रकाशाने आतला ताण मोजला गेला. पृष्ठभागावरचा दाब सुमारे 700 मेगापास्कल निघाला, टफन काचेच्या दहापट.

राणीसावरगावच्या शिवारात आता सौर पंपांची पॅनेलं जागोजाग दिसतात. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' या योजनेने ती लहान शेतकऱ्यापर्यंत पोहोचवली. एका विहिरीपाशी पॅनेलच्या सावलीत बसलेल्या शेतकऱ्याने मला थांबवलं. "साहेब, तुमी काचंचं बघता म्हणं. मग मला येक सांगा, गारा पडल्या तर ह्या टिकतेन का?" 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाड्यातला शेतकरी विसरलेला नाही. मी म्हटलं, "मामा, काच टफन असंल, तर बोराएवढ्या गारांना काही होणार नाही." आंतरराष्ट्रीय चाचणीत पॅनेलवर 25 मिलिमीटरचा बर्फाचा गोळा सेकंदाला 23 मीटर वेगाने अकरा ठिकाणी मारतात. पण 45 मिलिमीटरची गार सेकंदाला तीसेक मीटर वेगाने येते आणि तिच्यात दहापट ऊर्जा असते. लिंबाएवढ्या गारांची कहाणी वेगळी, हेही त्यांना सांगितलं.

त्यातही अलीकडे एक बदल झाला आहे आणि तो शेतकऱ्याला कुणी समजावून देत नाही. पूर्वी पॅनेलच्या पुढे 3.2 मिलिमीटरची टफन काच असे. आता मोठ्या पॅनेलांत पुढे-मागे 2-2 मिलिमीटरच्या काचा येतात. इतक्या पातळ काचेत आत-बाहेर तापमानाचा पुरेसा फरकच पडत नाही, त्यामुळे ती पूर्ण टफन करणं कठीण. बहुधा अर्धवट कडक केलेली असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी अशा मोठ्या, पातळ काचेच्या पॅनेलांत आपोआप जाणाऱ्या तड्यांकडे लक्ष वेधलं आहे. पातळ काच वाईटच असं मी म्हणत नाही. तिच्यात किती दाब भरला आहे हे विकत घेणाऱ्याला कळलं पाहिजे, एवढंच म्हणणं आहे.

"मग ह्ये मोजतंय कोण?" मामांनी विचारलं. काच बनवणारा आपल्या कारखान्यात मोजतो. पॅनेल बनवणारा कदाचित नमुना घेऊन मोजतो. पुढे ठेकेदार, योजना राबवणारं खातं, विमा कंपनी आणि शेतकरी यांच्यापैकी कुणीही मोजत नाही. पॅनेल फुटलं की गार पडली की दगड मारला यावर वाद होतो, पंचनामा होतो, आणि काचेत मुळात दाब होता की नव्हता हा प्रश्न त्या कागदावर कुठेच नसतो. उपकरण हातात मावतं, काचेवर द्रवाचा एक थेंब टाकून टेकवायचं, एका जागेचं माप काही सेकंदांत येतं आणि काचेवर खूण राहत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी एखाद्या तंत्रनिकेतनात असं एक उपकरण आणि ते चालवणारा एक प्राध्यापक असेल, आणि पंपांच्या प्रत्येक खेपेतली चार-दोन पॅनेलं तिथे तपासून आकडा पावतीवर लिहिण्याची अट निविदेत घातली, तर मामांच्या प्रश्नाला नाव आणि शिक्का असलेलं उत्तर मिळेल. मी त्यांच्या पॅनेलची कड गॉगल घालून पाहिली. उजेडाची पट्टी होती, म्हणजे काच कडक केलेली होती. किती, ते मला तिथे सांगता आलं नाही. त्यांनी पॅनेलच्या मागचं लेबल पुसून मला त्यावरचा क्रमांक वाचायला लावला आणि तो आपल्या मोबाइलमध्ये जपून ठेवला.